माधुरी साळवे, करिता

५ जुलै १९९९, सोमवार

आले एकदाची कोल्हारला. नगरहून सकाळची मनमाड गाडी मिळाली. राहुरीपर्यंत उभी होते, पुढं खिडकी मिळाली. अम्मीनं खिमा-पराठे बांधून दिले होते, ते संघाच्या फाटकात पाय ठेवायच्या आधीच संपवले. नोकरीचा पहिला दिवस भरल्या पोटी सुरू झाला, चांगलंच झालं.

संघ म्हणजे डाळिंब उत्पादकांचा निर्यात संघ. मागं पॅकिंगची शेड, पुढं हमरस्त्याला लागून ऑफिस, आणि आवारातच एका कडेला माझी खोली. आम्ही बागवान, फळांतच वाढलेली माणसं, त्यामुळं क्रेटांचा वास आला आणि घरच्यासारखं वाटलं. मॅनेजर कानिफनाथ वाबळे साहेबांनी स्वतः कॉम्प्युटर दाखवला. त्यावर लाल मखमलीचं कापड होतं. ते त्यांनी इतक्या बेतानं उचललं की मला वाटलं आता आरती म्हणतात. मी हसू गिळलं.

इथली एक पद्धत ऐकून मात्र हसू गिळता आलं नाही. ईमेल आली की ती छापायची. मग आवक-जावक बघणारे आसाराम तिच्यावर नंबर टाकणार, गोल शिक्का मारणार, साहेब कोपऱ्यात 'पाहिले' लिहिणार, तेव्हा कुठं ती आली असं धरायचं. नुसती पडद्यावर दिसलेली ईमेल आलेलीच नसते. आसाराम म्हणाले, शिक्का बसला की कागद खरा. तीस वर्षं ते हेच करताहेत, मी कालची पोर कोण सांगणार.

माझ्या दृष्टीनं या नोकरीतली सगळ्यात गोड गोष्ट वेगळीच आहे. अझीम, माझा थोरला भाऊ, शारजाला एका कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. दोन वर्षं झाली, त्याचं तोंड बघितलं नाही. फोनवर तीन मिनिटं मिळतात, त्यातली दोन अम्मी रडण्यात घालवते. आता मी त्याला रोज लिहू शकेन. सप्टेंबरात तो सुट्टीवर येणार आहे, तोवर दिवस सरतील तरी.

ही डायरी मराठीत लिहिते, कारण शाळा मराठी झाली. घरात उर्दू. अम्मी बाहेरच्यांशी मराठी बोलते, पण तिला ते वाचता येत नाही, म्हणून वही कुठंही पडली तरी धोका नाही.

६ जुलै

पहिल्याच घासाला खडा. अझीमला काल लिहिलेली दीड पानी ईमेल आज परत आली. दुबईच्या व्यापाऱ्याची गेली, लंडनची गेली, पुण्याची गेली. परत आली ती फक्त माझ्या भावाची.

दिवसभर डोकं लावलं तेव्हा प्रकार कळला. ईमेलवर पाठवणाऱ्याचं नाव काय वाट्टेल ते टाकता येतं. मी उद्या राष्ट्रपती म्हणून लिहिलं तरी मशीन अडवत नाही. म्हणून काही शहाण्या कंपन्या पत्रावरच्या नावावर भरवसाच ठेवत नाहीत. पत्र घेऊन आलेल्या मशीनला त्या विचारतात, तू कोण, कुठल्या नंबरवरून आलास? मग नोंद बघतात. प्रत्येक डोमेनची, म्हणजे संघाचं इंटरनेटवरचं जे नाव आहे त्याची, एक नोंदवही असते. आमची पुण्यातल्या एका इंटरनेट कंपनीकडं आहे. कुठल्या नावाचं मशीन कुठल्या नंबरवर बसलंय ते तिच्यात लिहिलेलं असतं. जुळलं तर पत्र खरं, नाही तर आल्या पावली परत. अझीमची कंपनी त्या शहाण्यांतली निघाली.

आमच्या नोंदीत मशीनचं नाव आहे 'माधुरी'. माझ्या आधीच्या ऑपरेटर माधुरी साळवे, त्यांनी स्वतःचंच नाव देऊन टाकलं होतं. त्या गेल्यावर दुरुस्तीवाल्यानं मशीन पुसून नव्यानं बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'सर्व्हर'. नोंद बदलायचं कुणाला सुचलं नाही. त्याला गोल शिक्का चालत नाही ना.

८ जुलै

पुण्याच्या कंपनीत नोंदी सांभाळणारे सचिन म्हणून गृहस्थ आहेत, त्यांच्याशी तासभर फोन. म्हणाले, एवढंच ना, मशीनला परत माधुरी म्हणा, मिटलं. मी म्हटलं, का म्हणून? खुर्चीत मी बसते, लिहिते मी, आणि ओळख दुसरीच्या नावानं सांगू? मला माझं नाव पाहिजे. मग ते म्हणाले, 'माधुरी' या नावालाच 'फरहीन' जोडून देतो. एकाच मशीनची दोन नावं, माधुरी उर्फ फरहीन. म्हटलं चालेल.

तर म्हणे, विनंती मात्र नोंदीतल्या जबाबदार व्यक्तीच्या ईमेलवरूनच यायला हवी, तसा नियम आहे. जबाबदार व्यक्ती कोण? माधुरी साळवे. माझं डोकंच फिरलं.

९ जुलै

साहेबांना भेटले. माधुरी फेब्रुवारीत एके दुपारी जेवायला म्हणून उठली ती परत आलीच नाही. राजीनामा नाही की चार्ज नाही. चार्ज हे इथलं मोठं प्रकरण आहे. जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं समोरासमोर बसून यादी करायची, टेबल एक, खुर्ची एक, किल्ल्या दोन, आणि दोघांनी सह्या ठोकायच्या. यादी झाल्याशिवाय जुन्याचं नाव कुठूनच काढत नाहीत. साहेब म्हणाले, अहो तिचं नाव हजेरीपटावर अजून आहे, तुम्ही पुण्याचं काय घेऊन बसलात. मी म्हटलं, मग तिला बोलवा. म्हणाले, पत्ता माहीत नाही. म्हणजे बाई सापडणार नाही आणि नाव निघणार नाही. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

जेवताना आसारामांपुढं हे सगळं ओकले. ते शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "अवो ताई, करिता सही मारायची न् मोकळं व्हायचं. निम्मा संघ करितावर चालतोय." त्यांचं खरं आहे. साहेब नसले की आसाराम साहेबांच्या नावावर रेघ मारून 'करिता' लिहितात आणि स्वतःची सही करतात. कुणी कधी विचारलेलं नाही.

१० जुलै, शनिवार

केलं एकदाचं. पाठवणाऱ्याच्या जागी माधुरीचा पत्ता हातानं टाकला, खाली लिहिलं, माझ्या नावाला फरहीन हे नाव जोडावं, माझी संमती आहे. शेवटी नाव, माधुरी साळवे. 'करिता' हा शब्द मात्र टाकला नाही, नाही तर सचिनरावांनी परत नियम काढला असता. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर, माधुरी मॅडम, काम झालं. लगेच मशीनचं 'सर्व्हर' हे नाव काढून 'फरहीन' केलं.

किती सोपं आहे हे, आणि मी चार दिवस रक्त आटवलं.

१२ जुलै, सोमवार

गेली! अझीमचं उत्तर दोन तासांत हजर. अजून तसाच फाजील आहे. ६ सप्टेंबरला तो मुंबईहून नाशिक-संगमनेर करत येणार, कोल्हार वाटेतच पडतं, मला उचलणार आणि मग दोघं मिळून नगरला, अम्मीपुढं. मी तारखेभोवती लाल गोल केला.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. जय भीम म्हणून खुर्चीत बसल्या आणि वाट बघू लागल्या. आसारामांनी ओळख करून दिली, या लंकाबाई साळवे, माधुरीची आई. शेवगावकडच्या, दर सोमवारी दोन गाड्या बदलून येतात. कशाला, तर लेकीची ईमेल ऐकायला. मी थक्क झाले. सोमवारी सकाळी संघाच्या पत्त्यावर माधुरीची ईमेल येते, वर लिहिलेलं 'आईस'. आसाराम शिक्का मारून ठेवतात, ऑपरेटरनं वाचून दाखवायची. "लई गुनाची हाय माजी माधुरी. पुन्याला हाय, पर सोमवार चुकवत न्हाई," म्हणाल्या. मी वाचली. रोमन अक्षरांतलं साधं मराठी. जेवते, झोपते, काळजी करू नकोस, मी आहे तिथंच आहे.

मला रागच आला. आईला दर आठवड्याला लिहायला सुचतं आणि चार्ज द्यायला सुचत नाही? मी लगेच तिला खरमरीत ईमेल केली. उत्तर नाही.

१९ जुलै, सोमवार

प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर वाटेतल्या मशीनांचे ठसे असतात, पोस्टाच्या शिक्क्यांसारखे. माधुरी पुण्यात नक्की कुठं आहे ते कळावं म्हणून आजच्या पत्राचे ठसे बघितले. एकच ठसा होता, आमचाच. पत्र याच मशीनवर लिहिलं गेलंय, आज सकाळी अकरा चाळीसला. अकरा चाळीसला मी याच खुर्चीत बसून दुबईची पावत्यांची यादी टाइप करत होते आणि फोनची लाइनसुद्धा जोडलेली नव्हती.

असं होऊ शकत नाही. कुठं तरी घड्याळ चुकलं असेल, किंवा दुरुस्तीवाल्यानं काही घाण करून ठेवली असेल. आसारामांना दाखवलं तर ते म्हणाले, शिक्का तर बसलाय की. या माणसापुढं बोलायचं कसं?

लंकाबाईंना वाचून दाखवलं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ होती, नवी मुलगी चांगली आहे, सकाळी पराठा खाते.

२७ जुलै

अझीमची ईमेल आली. लिहिलंय, तू काल अब्बांच्या हातगाडीची आठवण काढलीस, वाचून ऑफिसात डोळे भरले.

मी काल त्याला लिहिलंच नव्हतं. काल दिवसभर कंटेनरच्या कागदांत होते.

खाली त्यानं मूळ पत्र जोडलंय. मी सहा वर्षांची असताना मोसंब्यांच्या ढिगात झोपले आणि अब्बा मला बाजारभर शोधत राहिले, ती गोष्ट. मी इथं कुणालाही सांगितलेली नाही. भाषा माझी, चिडवणं माझं, शेवटची दुआसुद्धा मी देते तशीच. वाचताना क्षणभर मलाच वाटलं की लिहिलं असेन आणि विसरले असेन. हे वाटणंच मला सगळ्यात जास्त खटकलं.

त्याला लगेच लिहिलं, ते मी नव्हे, कुणी तरी माझ्या नावानं लिहितंय. त्याच्या कंपनीनं पत्र परत पाठवलं. मशीनचं नाव नोंदीशी जुळत नाही.

२ ऑगस्ट, सोमवार

आज माधुरीचं मला पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"तू माझ्या नावानं सही केलीस. कागद पोचला. आता रीतीप्रमाणं चार्ज पुरा करू. देणार माधुरी साळवे. टेबल एक, खुर्ची एक, किल्ल्या दोन, आई एक. घेणार फरहीन बागवान. तसेच देणार फरहीन बागवान. नाव एक, अम्मी एक, भाऊ एक. घेणार माधुरी साळवे. माझी सही झाली आहे. तुझीही झाली आहे, १० जुलैला. मी फार दिवस इथं आहे गं. कुणी तरी माझं नाव आपण होऊन घेईल याची वाट बघत होते."

मी ते पुसून टाकणार होते. पण सोमवारची पत्रं सकाळीच छापून निघतात. मी धावत आसारामांच्या टेबलापाशी गेले तोवर आवक नंबर पडला होता, शिक्का बसला होता. मी कागद ओढला, त्यांनी धरून ठेवला. आवक झालेला कागद फाडता येत नाही म्हणाले, नोकरी जाते. साहेबांनी तिथंच, उभ्या उभ्या, न वाचता 'पाहिले' लिहिलं. चार्जची यादी आली एकदाची, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

मी घाबरले आहे. लिहून टाकते म्हणजे मोकळं वाटेल. मी घाबरले आहे.

५ ऑगस्ट

साहेबांपुढं तासभर बसले. म्हटलं, साहेब, ईमेलवर कुणाचंही नाव घालता येतं, मी स्वतःच घातलंय, मला माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला. म्हणजे तुम्ही खोटी सही केलीत म्हणाले. आता मी हो म्हटलं तर नोकरी जाते आणि नाही म्हटलं तर यादी खरी ठरते. ते म्हणाले, पोरी, कामाचा ताण घेऊ नकोस. याच खुर्चीत बसून फेब्रुवारीत माधुरीही अशीच काही तरी बोलत होती म्हणे, त्यांना नीट आठवत नाही.

११ ऑगस्ट

सचिनरावांना फोन लावला, म्हटलं माझं नाव त्या नोंदीतून काढा. ते म्हणाले, माधुरी मॅडमच्या विनंतीवरून गेल्याच महिन्यात दोन्ही नावं दुसऱ्या नंबरवर हलवली आहेत. तो नंबरही तुमच्या संघाचाच आहे, राखीव पडला होता. कुठलं मशीन बसवलंय तुम्ही त्याच्यावर?

कुठलंच नाही. इथं एकच मशीन आहे.

मी त्या नंबरला हाक मारून बघितली. आहेस का, एवढंच विचारणारी एक कमांड असते. समोरचं मशीन जितकं लांब तितका उत्तराला उशीर. शारजाला जवळजवळ एक सेकंद लागतो, पुण्याला त्याहून कमी. या नंबरचं उत्तर आलं. वेळ, शून्य.

फोनची तार काढली आणि परत विचारलं. आहेस का? आहे. वेळ, शून्य. खोलीत मी एकटी होते, बाहेर ऊन होतं, शेडमध्ये बाया हसत होत्या.

परत फोन करून सचिनरावांना विनवलं, शिव्याही घातल्या. ते तरी काय करणार. माधुरी मॅडमची ईमेल आणा म्हणाले, आणि या खेपेला करिता सही मारायची माझी हिंमत झाली नाही.

१७ ऑगस्ट

शारजाला फोन. बूथवर अर्धा तास रांग. अझीमनं उचलला, मी एका दमात सगळं सांगितलं. तो फार सांभाळून बोलला, आजाऱ्याशी बोलावं तसं. त्याच्या त्या 'फरहीन'नं त्याला आधीच लिहून ठेवलंय. ऑफिसात माधुरी नावाची बाई परत आली आहे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, स्वतःला फरहीन म्हणते, माझ्या सगळ्या गोष्टी मीच तिला सांगितल्यात, तिचा फोन आला तर रागावू नकोस.

मी ओरडले. अझीम, माझा आवाज ऐक. तो म्हणाला, आवाज लाइनवर सगळे सारखेच येतात, ताई. पण पत्रं मी तपासली. नोंद बघितली, नंबर बघितला, सगळं जुळतं. खोटं पत्र आमच्या मशीनमधून आत येतच नाही.

ताई म्हणाला. मला.

२० ऑगस्ट

रोज लिहिते त्याला. रोज परत येतं. नाव जुळत नाही, नाव जुळत नाही. संताप येतो नुसता. माझ्या सख्ख्या भावाला मी खरी आहे हे कुणाच्या नोंदीनं सिद्ध करायचं? ती तिकडं रोज लिहिते आणि रोज पोचतं. तिला उत्तरं येतात. मी ती उत्तरं वाचते. अझीम तिच्यावर किती माया करतो.

२४ ऑगस्ट

हजेरीपटावर माझ्या नावापुढं लिहिलंय, रजेवर. फरहीन बागवान यांच्या ईमेलनुसार, आवक क्रमांक अमुक. मी सही करायला वाकले तर आसाराम म्हणाले, "तिथं न्हाई माधुरीताई, वरच्या रकान्यात."

चेष्टा करताहेत असं वाटलं. तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती.

२८ ऑगस्ट, शनिवार

नगरला गेले. बाकी कुणी काही म्हणो, अम्मी ओळखेल. दार तिनंच उघडलं. मी तिला मिठी मारायला पुढं झाले, ती मागं सरकली. मग तिला माझी दया आली असावी, आत घेतलं, पाणी दिलं. कोल्हारहून आलात का, फरहीन बरी आहे का, तुमच्या आईला भेटा हो, आईचा जीव तुटतो.

अम्मी माझ्याशी मराठीत बोलली.

मी रडले. तीही रडली, परक्या पोरीसाठी रडतात तेवढी. निघताना डब्यात पराठे दिले, फरहीनला द्या म्हणाली.

३० ऑगस्ट, सोमवार

सोमवारची ईमेल आली नाही. आईस असं काही आलंच नाही. लंकाबाई दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. आलीस व्हय गं, म्हणाल्या. एवढंच. मग माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून चाचपत राहिल्या.

मी सांगितलं, मावशी, मी नाही ती. व्हय व्हय, म्हणाल्या.

हात सोडवून घ्यायला पाहिजे होता. सोडवला नाही. महिनाभरात मला कुणी हात लावला नव्हता.

२ सप्टेंबर

पळून जावं तर कुठं. जाईन तिथं माझ्या आधी पत्र पोचलेलं असतं.

सहा तारखेला अझीम येणार. समोर उभी राहीन. रक्ताचा भाऊ आहे. नोंदी गेल्या चुलीत. तोंड बघितल्यावर —

४ सप्टेंबर

उर्दूत दुआ म्हणायला बसले. अर्ध्यात अडले. पुढचा शब्द — लहानपणापासून रोज म्हणते —

सही करून बघितली. कागदावर मा. साळवे. अक्षर माझंच.

परत केली. परत तेच.

६ सप्टेंबर, सोमवार

अझीम आला. साडेबाराला, पांढऱ्या गाडीतून. कानाजवळ केस पिकलेत. मी धावत ओट्यावर गेले. त्यानं हात जोडले, नमस्कार म्हणाला, माधुरीताई ना तुम्ही, फरहीन तुमच्याबद्दल फार लिहिते. मी बोलायला तोंड उघडलं — भाईजान म्हणायचं होतं — आणि माझ्या तोंडून निघालं, बसा की, पानी आनते.

त्यानं विचारलं, फरहीन कुठंय.

आतून, कॉम्प्युटरच्या खोलीतून, माझ्या आवाजात कुणी तरी ओ दिली. तो हसला. दोन वर्षं मी त्या हसण्याची वाट बघत होते. मला ओलांडून आत गेला.

ती त्याच्याबरोबर बाहेर आली. साहेबांच्या पाया पडली. आसारामांनी तिला फरहीनताई म्हटलं. माझ्याजवळ थांबली, हळूच म्हणाली, आईला जप, सोमवारी ती उपाशीच निघते.

लंकाबाई माझा हात धरून बसल्यात. शेवगावकडं जायला चारची गाडी आहे म्हणतात. डाव्या हातानं त्यांना धरलंय, उजव्यानं लिहितेय. अझीम अजून फाटकात आहे, सामान लावतोय. ती पुढं बसली.

एक उपाय आहे. एकच. अझीमचं एक नाव आहे, मी ठेवलेलं, बोबडी होते तेव्हाचं. त्याला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. मी ते कुठं लिहिलेलं नाही, ईमेलमध्ये नाही, या वहीतही नाही. म्हणून ते तिच्याकडं असू शकत नाही. ती हाक ऐकली की तो वळेल. तो वळेलच —

गाडी सुरू झाली —

आधी इथं लिहिते, म्हणजे ओरडताना चुकायला नको. ते नाव —

ते नाव आहे